बंद भट्टीला पाणी कोण घालणार?

अणुभट्टीचा विषय निघाला की आपल्या वस्त्यांतून साधारण दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक म्हणजे, ती कधीतरी बॉम्बसारखी फुटणार. दुसरे म्हणजे, ते सगळे मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे काम, आपल्याला त्यातले काय कळणार! या दोन्ही मतांनी आपले नुकसानच होते असे आम्हाला वाटते. पहिल्याने नुसती भीती पोसली जाते आणि दुसऱ्याने प्रश्न विचारण्याचा हक्क आपण आपल्याच हाताने सोडून देतो. पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला फार मोठे केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आहे. अशा ठिकाणी कंत्राटावर झाडलोट करणारे, वेल्डिंग करणारे, पाइप वाहणारे हात कोणाचे असतात, हे वाचकांना सांगायला नको. तेव्हा या भट्टीचा खरा धोका नेमका कशात आहे, ते आज जरा सविस्तर पाहू.

घाबरण्याचे कारण नाही, यात गणित फारसे नाही. ज्याने गिरणीत किंवा कारखान्यात बॉयलर पाहिला आहे आणि जिने घरी कुकर लावला आहे, त्या दोघांना यातले निम्मे आधीच ठाऊक आहे.

गोट्यांचा खेळ

कोळशाच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ टर्बाइन फिरवते. अणुवीज केंद्रातही शेवटचे काम हेच. फक्त कोळशाच्या जागी युरेनियम असते आणि ते जळत नाही, फुटते. युरेनियमच्या एका जातीच्या अणूच्या गर्भावर न्यूट्रॉन नावाचा सूक्ष्म कण आदळला की त्या गर्भाचे दोन तुकडे होतात, पुष्कळ उष्णता निघते आणि सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. ते पुढच्या गर्भांवर आदळतात, त्यातून आणखी सुटतात. यालाच साखळी प्रक्रिया म्हणतात.

आता अडचण अशी की नुकताच सुटलेला न्यूट्रॉन भलत्या वेगात असतो, आणि वेगातला न्यूट्रॉन या युरेनियमला क्वचितच फोडतो. हळू चालणारा मात्र हमखास फोडतो. मग त्याचा वेग कमी कसा करायचा? मुलांना गोट्या खेळताना पाहा. गोटी भिंतीवर आपटली तर तशीच उसळून परत येते, पण आपल्याच वजनाच्या दुसऱ्या गोटीवर नेमकी बसली तर जागच्या जागी थांबते आणि तिचा वेग दुसरी घेऊन जाते. पाण्यात हायड्रोजन असतो, आणि हायड्रोजनचा गर्भ जवळजवळ न्यूट्रॉनच्याच वजनाचा. म्हणून पाण्यातून जाताना न्यूट्रॉन ठोकरा खात खात मंद होतो. पाण्याने थंड होणाऱ्या भट्टीत पाणी असे दुहेरी राबते. ते उष्णता वाहून नेते, आणि साखळी चालू ठेवण्यासाठी न्यूट्रॉनला आवरतेही.

यातून एक फायदा आपोआप मिळतो. भट्टी प्रमाणाबाहेर तापली की पाण्याची वाफ होऊ लागते. वाफ विरळ असते, तिच्यात न्यूट्रॉनला ठोकर बसत नाही, त्यामुळे तो मंद होत नाही आणि साखळी ढिली पडते. २६ एप्रिल १९८६ रोजी त्या वेळच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिलला जी भट्टी फुटली तिच्यात प्रकार उलटा होता. तेथे न्यूट्रॉनला मंद करण्याचे काम ग्रॅफाइट करीत असे आणि पाणी उलट काही न्यूट्रॉन गिळत असे. पाण्याची वाफ झाली, गिळणारा कमी झाला आणि साखळी भडकली. आपल्याकडच्या जड पाण्याच्या भट्ट्यांतही (तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाच्या या प्रकारच्या आहेत) थंड करणाऱ्या पाण्याची वाफ झाली तर साखळी किंचित वाढते. म्हणून अशा भट्ट्यांना बंद करण्याच्या दोन वेगवेगळ्या, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या व्यवस्था ठेवतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. सगळे न्यूट्रॉन जर फुटण्याच्या क्षणीच सुटत असते, तर ही साखळी काबूत ठेवणे माणसालाच काय, यंत्रालाही कठीण गेले असते. पण हजारातले सहा-सात न्यूट्रॉन उशिरा सुटतात. कोणी अर्ध्या सेकंदाने, कोणी दहा सेकंदांनी, तर कोणी चक्क मिनिटाभराने. या मूठभर उशिरा येणाऱ्यांमुळे भट्टीची गती मंदावते आणि नियंत्रण कक्षातल्या माणसाला वेळ मिळतो. जगातली सारी अणुवीज या हजारात सहा-सातांच्या जिवावर चालली आहे.

राहिला बॉम्बचा प्रश्न. बॉम्बला ते फुटणारे युरेनियम नव्वद टक्क्यांच्या आसपास लागते. साध्या पाण्याच्या भट्टीत ते दोन ते पाच टक्के असते, आणि जड पाण्याच्या भट्टीत खाणीतून येते तसेच, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. तेव्हा भट्टीचा बॉम्ब होत नाही. तिचा धोका वेगळाच आहे.

उकिरड्याची ऊब

भट्टी बंद करायची म्हणजे न्यूट्रॉन गिळणाऱ्या कांड्या युरेनियमच्या मधोमध सारायच्या. हे काम काही सेकंदांत होते. साखळी थांबते. बहुतेकांना वाटते, झाले, आता गॅस बंद केला, तवा हळूहळू निवेल.

तसे होत नाही. खेड्यातला उकिरडा आठवा. त्याला कोणी काडी लावत नाही, तरी हिवाळ्याच्या पहाटे तो उकरला तर आतून वाफा निघतात. आतल्या आत कुजण्याची क्रिया चालू असते आणि ती ऊब धरून ठेवते. युरेनियम फुटून जे तुकडे झालेले असतात ते अस्थिर असतात. साखळी थांबली तरी ते स्वतःहून बदलत राहतात, किरण फेकत राहतात आणि उष्णता देत राहतात. ती थांबवण्याचे बटण जगात कोणाकडेही नाही. काळ जाईल तशी ती कमी होते, एवढेच.

किती असते ही उष्णता? जपानमधल्या फुकुशिमा दाइइची केंद्रातली पहिली भट्टी घेऊ. तिची पूर्ण उष्णता सुमारे १३८० मेगावॅट. भट्टी बंद झाल्याच्या क्षणी तिच्यात साधारण साडेसहा टक्के, म्हणजे ९० मेगावॅट शिल्लक राहते. बादलीत पाणी तापवायचा रॉड आपल्या घरी असतो, तो दीड हजार वॅटचा धरला तर असे साठ हजार रॉड एकदम चालू आहेत असे समजा. आणि ही भट्टी ‘बंद’ आहे! तासाभराने ही उष्णता वीस मेगावॅटच्या जवळ येते, दिवसभराने सात मेगावॅटच्या आसपास. सात मेगावॅट म्हणजे किती, ते पाण्याच्या हिशेबात सांगतो. तेवढी उष्णता तासाला दहा हजार लिटर पाणी उकळून हवेत घालवते. आपल्या वस्तीत उन्हाळ्यात येतो तसा एक टँकर, दर तासाला, रात्रंदिवस. आदल्या दिवशी, पहिल्या तासाच्या शेवटी, तो तासाला तीन टँकर होता.

हे पाणी मिळाले तर काहीच बिघडत नाही. नाही मिळाले तर युरेनियमच्या कांड्या उघड्या पडतात. या कांड्यांवर झिर्कोनियम नावाच्या धातूचे पातळ वेष्टन असते. ते बाराशे अंशांच्या आसपास तापले की वाफेतला ऑक्सिजन ओढून घेऊ लागते. या क्रियेत आणखी उष्णता निर्माण होते आणि हायड्रोजन वायू सुटतो. हायड्रोजन कोंडला आणि ठिणगी मिळाली की इमारतीचे छप्पर उडते. टीव्हीवर आपण फुकुशिमाचे जे स्फोट पाहिले ते हायड्रोजनचे. त्यानंतर युरेनियमच वितळून खाली गळू लागते.

म्हणजे अणुभट्टीच्या सुरक्षिततेचा गाभा एका प्रश्नात आला. भट्टी बंद झाल्यावर तिला पाणी कोण घालणार, आणि पंपाला वीज कोठून येणार?

अडकलेली शिट्टी

कुकरमध्ये पाणी शंभर अंशांना न उकळता एकशेवीस अंशांपर्यंत जाते, कारण आत दाब असतो. अणुभट्टीत हाच प्रकार कितीतरी पटींनी. एका प्रकारच्या भट्टीत वातावरणाच्या दीडशे पटींहून अधिक दाब ठेवतात, त्यामुळे पाणी सव्वातीनशे अंशांच्या जवळ जाऊनही उकळत नाही. दुसऱ्या प्रकारात, तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्यांसारख्या, सत्तर पटींच्या आसपास दाब असतो आणि पाणी भट्टीतच उकळते. दोन्हीकडे कुकरसारखेच दाब वाढला की वाफ सोडणारे व्हॉल्व्ह असतात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात थ्री माइल आयलंड नावाच्या ठिकाणी २८ मार्च १९७९ च्या पहाटे चार वाजता भट्टीला पाणी पुरवणारे पंप बंद पडले. दाब वाढला, व्हॉल्व्ह उघडला, आठ सेकंदांत कांड्या खाली पडून साखळी थांबली. येथपर्यंत सर्व ठीक होते. दाब उतरल्यावर व्हॉल्व्ह मिटायला हवा होता, तो उघडाच अडकला. भट्टीतले पाणी वाफ होऊन त्यातून निसटू लागले.

नियंत्रण कक्षात एक दिवा होता. तो विझला की व्हॉल्व्ह मिटला असे कर्मचारी समजत. प्रत्यक्षात तो दिवा व्हॉल्व्हला ‘मिट’ असा हुकूम गेला एवढेच सांगत होता. व्हॉल्व्हने तो हुकूम पाळला की नाही, हे सांगणारा दिवाच नव्हता! त्यात भर म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारा काटा पाणी जास्त झाले आहे असे दाखवत होता, कारण वाफेच्या बुडबुड्यांनी पाणी त्या बाजूला ढकलले होते. कर्मचाऱ्यांना जे शिकवले होते त्याप्रमाणे त्यांनी आपत्कालीन पाणी जवळजवळ बंद केले. दोन तास वीस मिनिटे हे चालले. पुढच्या पाळीचा एक माणूस आला, त्याला शंका आली आणि मागचा दुसरा व्हॉल्व्ह बंद केला गेला. तोवर उशीर झाला होता. पुढे काही वर्षांनी आत कॅमेरा सोडला तेव्हा कळले की निम्म्याच्या आसपास इंधन वितळले होते. जाड पोलादी भांडे आणि बाहेरची काँक्रीटची इमारत टिकली, म्हणून बाहेर फार थोडा किरणोत्सर्ग गेला.

कर्मचाऱ्यांना दोष देणे सोपे होते, आणि पुष्कळांनी तो दिलाही. पण दीड वर्षापूर्वी, सप्टेंबर १९७७ मध्ये, ओहायो राज्यातील तशाच दुसऱ्या केंद्रात तसाच व्हॉल्व्ह तसाच अडकला होता. तेथील कर्मचाऱ्यांनी तो वीस-बावीस मिनिटांत ओळखला. ही हकिकत वरच्या कचेऱ्यांत पोहोचली, कागदावर उतरली, पण थ्री माइल आयलंडच्या पाळीवरच्या माणसांना कोणी सांगितलीच नाही. आम्हाला विचाराल तर या अपघाताचे मुख्य कारण हेच.

मेणबत्ती आणि केबल

पाण्यानंतर वीज. अमेरिकेतच अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी भिंतीतल्या केबलच्या भोकांतून हवा गळते का हे पाहायचे होते. त्यासाठी कामगारांना साधन दिले होते मेणबत्तीचे! ज्योत हलली तर गळती आहे, असे शोधायचे. भोकात भरलेल्या फोमने पेट घेतला आणि सुमारे सोळाशे केबल जळाल्या. एकाच वाटेने मुख्य यंत्रणेच्या आणि तिच्या बदली यंत्रणेच्या तारा नेलेल्या होत्या. त्यामुळे एक गेली आणि तिच्याबरोबर दुसरीही. कशीबशी भट्टी वाचली.

अठरा वर्षांनी आपल्या देशात काय झाले पाहा. उत्तर प्रदेशात गंगेच्या काठी नरोरा येथे ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली. त्या हादऱ्याने हायड्रोजन व तेल गळून आग लागली. आग केबलपर्यंत गेली. येथेही मुख्य आणि बदली तारा जवळजवळ नेलेल्या. सुमारे सतरा तास केंद्रातली वीज गेली. नियंत्रण कक्ष धुराने भरला आणि माणसांना बाहेर पडावे लागले. भट्टी बंद केलेली होती, पण उकिरड्याची ती ऊब आत होतीच.

त्या अंधारात काही कर्मचारी बॅटरी हातात घेऊन भट्टीच्या इमारतीवर चढले आणि न्यूट्रॉन गिळणारे बोरॉनयुक्त द्रव्य आत सोडण्यासाठी हाताने व्हॉल्व्ह उघडले. आग विझवायचे डिझेलवर चालणारे पंप लावून पाणी वाफेच्या भांड्यांत सोडले गेले आणि त्या पाण्याने भट्टीची उष्णता वाहून नेली. बाहेर किरणोत्सर्ग गेला नाही. देशावरचे मोठे संकट टळले ते आगीच्या पंपाने आणि जिना चढून गेलेल्या माणसांनी. या लोकांची नावे आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात असायला हवीत, असे आम्हाला नेहमी वाटते.

पन्नास मिनिटे

११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास जपानच्या पूर्व किनाऱ्याजवळ प्रचंड भूकंप झाला. फुकुशिमा दाइइचीतल्या तीन चालू भट्ट्या ताबडतोब बंद झाल्या. बाहेरची वीज तुटली, डिझेल जनित्रे सुरू झाली. सुमारे पन्नास मिनिटांनी चौदा-पंधरा मीटर उंच समुद्र आत आला. जनित्रे आणि विजेचे फलक बहुतेक तळघरात होते. ते बुडाले.

मूळ टेकडी पस्तीस मीटर उंच होती. केंद्र बांधताना ती तासून भट्ट्यांसाठी दहा मीटरवर आणली गेली. खडकावर पाया मिळावा आणि समुद्राचे पाणी उचलण्याचा खर्च कमी व्हावा म्हणून. २००८ मध्ये कंपनीच्या स्वतःच्या हिशेबात पंधरा मीटरहून मोठी लाट येऊ शकते असा आकडा निघाला होता. त्यावर बांधकाम काही झाले नाही.

पहिल्या भट्टीला एक जुनी पण चांगली सोय होती. उंचावर थंड पाण्याची टाकी असते. भट्टीची वाफ आपोआप वर जाते, टाकीतल्या नळ्यांत थंड होऊन तिचे पाणी होते आणि उताराने परत खाली येते. पंप नको, वीज नको. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांनाही या प्रकारची सोय आहे. पण नळ्यांवरचे व्हॉल्व्ह उघडे असायला हवेत. भूकंपानंतर भट्टी फार झपाट्याने निवू नये म्हणून कर्मचारी तो व्हॉल्व्ह नियमाप्रमाणे उघड-मिट करत होते. लाट आली तेव्हा तो नेमका मिटलेला होता. वीज गेली, दिवे विझले, आणि व्हॉल्व्हची स्थिती काय हे सांगणारे काही उरले नाही. त्याच रात्री पहिल्या भट्टीतले इंधन वितळू लागले.

कर्मचाऱ्यांनी आवारातल्या मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि त्यांच्यावर काटे चालवून पाहिले. अग्निशामक गाड्यांनी आधी गोडे आणि मग समुद्राचे पाणी सोडले. खारे पाणी घातले की भट्टी कायमची निकामी होते. वरून ते थांबवण्याचा निरोप आला, पण केंद्राचे प्रमुख मासाओ योशिदा यांनी पाणी चालूच ठेवले. तरीही तिन्ही भट्ट्या वितळल्या. दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली.

त्याच केंद्रातल्या पाचव्या आणि सहाव्या भट्ट्या मात्र वाचल्या. उंचावर ठेवलेले एक डिझेल जनित्र, जे पाण्याऐवजी हवेने थंड होत होते, ते चालू राहिले. सहा भट्ट्यांच्या केंद्रात दोन वाचल्या त्या एका जनित्रामुळे!

दक्षिणेला बारा किलोमीटरवर फुकुशिमा दाइनी नावाचे दुसरे केंद्र आहे. त्याच लाटेने तेथील चारपैकी तीन भट्ट्यांचे समुद्राचे पंप बंद पाडले. पण बाहेरून येणारी एक वीजवाहिनी शाबूत होती. प्रश्न होता ती वीज पंपापर्यंत नेण्याचा. सुमारे दोनशे कामगारांनी खांद्यावरून, हातांनी ओढत नऊ किलोमीटर जाड केबल टाकली. एकेक तुकडा दोनशे मीटरचा, वजन टनाच्या घरात. एरवी यंत्रे लावून आठवडेच्या आठवडे घेणारे काम त्यांनी एका रात्री-दिवसात केले, तेही धरणी हादरत असताना. १५ मार्चपर्यंत चारही भट्ट्या निवल्या. दाइइचीचे नाव साऱ्या जगाला माहीत झाले, दाइनीचे कोणाला नाही.

उत्तरेला ओनागावा केंद्र भूकंपाच्या केंद्राला आणखी जवळ होते. त्याच्या आखणीच्या वेळी यानोसुके हिराई नावाच्या अभियंत्याने जुन्या लाटांचा इतिहास पुढे करून जमीन उंच ठेवण्याचा हट्ट धरला होता. ती चौदा मीटरहून अधिक उंचीवर ठेवली गेली. लाट तेरा मीटरची आली. केंद्र वाचले, आणि घरे वाहून गेलेल्या आसपासच्या गावांतले तीनशेहून अधिक लोक आसऱ्याला त्याच केंद्रात येऊन राहिले.

आपल्याकडे २६ डिसेंबर २००४ च्या लाटेने कल्पाक्कमच्या केंद्रातील पंपघरात समुद्र शिरला होता. चालू असलेली भट्टी बंद करून सुरक्षित ठेवता आली. फुकुशिमानंतर आपल्या सर्व केंद्रांची तपासणी झाली आणि बाहेरून अग्निशामक गाडीने भट्टीला पाणी जोडता येईल असे जोड बसवले गेले. हे चांगले झाले. अशा जोडांचा सराव किती वेळा होतो, रात्रपाळीला तो कोणाला येतो, हे विचारायला मात्र हरकत नसावी.

छातीवरचा बिल्ला

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. अपघात क्वचित होतो, पण भट्टीची दुरुस्ती वर्षानुवर्षे चालते, आणि ती करणाऱ्यांच्या अंगावर थोडा थोडा किरणोत्सर्ग पडतो. तो मिलिसिव्हर्ट या मापात मोजतात. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून जगातल्या सर्वसाधारण माणसाला वर्षाला सरासरी दोन-अडीच मिलिसिव्हर्ट मिळतातच. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे अणुकेंद्रातल्या कामगाराला पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० पेक्षा आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त मिळता कामा नये. हे मोजण्यासाठी छातीवर एक बिल्ला लावतात. तो ठरावीक मुदतीने तपासायला जातो.

हा बिल्ला म्हणजे कामगाराचा साक्षीदार. जपानमध्ये २०१२ च्या जुलैत उघडकीस आले की फुकुशिमाच्या साफसफाईवरील एका उपकंत्राटदाराच्या माणसाने कामगारांना बिल्ल्यावर शिशाचा पत्रा लावायला सांगितले होते. आकडा कमी दिसावा, मर्यादा लवकर भरू नये आणि काम चालू राहावे म्हणून. शिसे किरण अडवते खरे, पण ते बिल्ल्याकडे जाणारे, माणसाकडे जाणारे नव्हे. २०१८ मध्ये जपान सरकारने तेथील एका कामगाराचा फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेला मृत्यू कामावरच्या किरणोत्सर्गामुळे झाल्याचे प्रथमच मान्य करून त्याच्या कुटुंबाला भरपाई मंजूर केली. तो पन्नाशीतला होता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. फुकुशिमा जिल्ह्यात घाईघाईच्या स्थलांतरात, रुग्णालयांतून हलवताना, निर्वासित छावण्यांत, मनाने खचून दोन हजारांहून अधिक लोक दगावले, आणि त्यात म्हातारी माणसे जास्त. किरणांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी आहे. तेव्हा केंद्राजवळच्या गावाला केवळ भिंतीची जाडी सांगून भागत नाही. बस कोणत्या रस्त्याने येणार, अंथरुणाला खिळलेल्या आजीला कोण उचलणार, हेही सांगितले पाहिजे.

ज्यांच्या घरातले कोणी अशा केंद्रात कंत्राटावर जाते त्यांनी एवढे तरी पाहावे की बिल्ला त्याच्या स्वतःच्या नावावर आहे, दुसऱ्याचा नाही. त्याचा आकडा त्याला दाखवला जातो का? कंत्राटदार बदलला की जुन्या आकड्यात नवा मिळवला जातो, की पाटी पुन्हा कोरी होते? हे आकडे वहीत लिहून घरी ठेवावेत, पगाराच्या चिठ्ठीइतकेच जपून. आणि गावात जनसुनावणी झाली तर अधिकाऱ्यांना साधे प्रश्न विचारावेत. डिझेल जनित्र समुद्रापासून किती उंच आहे? बॅटरी किती तास चालते? दोन केबल दोन वेगळ्या वाटांनी नेल्या आहेत का? यासाठी पदवी लागत नाही.

फुकुशिमा दाइइचीत वितळलेल्या इंधनावर आजही पाणी घालावे लागते. ते पाणी साठवण्यासाठी हजाराहून अधिक टाक्या उभ्या राहिल्या आणि शुद्ध करून ते ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडायला सुरुवात झाली. तिन्ही भट्ट्यांच्या तळाशी सुमारे ८८० टन वितळलेला गोळा आहे असा अंदाज आहे. लांब नळीच्या टोकाला चिमटा लावून त्यातला पहिला तुकडा नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर काढता आला. त्याचे वजन एक ग्रॅमही भरले नाही.